लॉनवर चट्टे पडले? पंप पाठीवर घेण्याआधी पहाटे उठून पाहा

वावरात हरळी दिसली की तिच्या काशा वेचून धुऱ्यावर फेकण्यात ज्यांची अर्धी हयात गेली, त्यांच्याच घरापुढे आता हरळीचं लॉन आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मीही बाराशे चौरस फुटांवर हरळीचं ‘सिलेक्शन वन’ हे वाण लावलं. पहिल्याच आषाढात झड लागली आणि आठ दिवसांत ताटाएवढे तीन तपकिरी चट्टे पडले. शेजारचे काका कुंपणावरून वाकून म्हणाले, “हरयालीले बी रोग होते काय बापू? आमच्या वावरात तं मारल्यानंबी मरत नाई थे.”

काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता. वावरातली हरळी मोकळी वाढते, तिला वारा लागतो, ऊन लागतं. लॉनमधली हरळी आपण दर आठवड्याला कापतो, युरिया देऊन पोसतो, दाट गादी करतो आणि वरून संध्याकाळी पाणी मारतो. त्या गादीत रात्रभर ओल कोंडते. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतातच. पण ते पानात शिरायला पान सलग आठ-दहा तास ओलं राहावं लागतं, आणि तेवढा वेळ आपणच त्यांना देतो. खाली जे काही सांगतो आहे, त्यातलं निम्मं काम हे तास कमी करण्याचंच आहे.

आधी खात्री करा, बुरशीच आहे का

पिवळा चट्टा दिसला की आपण कृषी केंद्रात जातो, तिथला मुलगा बुरशीनाशक आणि सोबत एक टॉनिक हातात देतो. माझ्या अनुभवात लॉनवरच्या चट्ट्यांपैकी निम्म्यांचा बुरशीशी काही संबंध नसतो. म्हणून पैसे काढण्याआधी या गोष्टी तपासा.

चट्ट्यातलं गवत मुठीत धरून वर ओढा. सतरंजीसारखं अख्खं उचललं गेलं आणि खाली मुळंच नसली, तर हुमणी आहे. वीतभर खणा, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या सापडतील. मातीचे पापुद्रे आणि पोखरलेल्या काड्या दिसल्या, तर उधई आहे.

मधोमध जळालेला आणि कडेला गर्द हिरवी झालर असलेला वाटीएवढा चट्टा म्हणजे कुत्र्याचं मूत. मधे नत्र इतकं जास्त झालं की गवत जळलं, कडेला तेच नत्र खत म्हणून लागू पडलं. भरपूर पाणी ओता, विषय संपला. युरिया मुठीने फेकला असेल, तर असेच डाग हाताच्या फेकीच्या दिशेने पडतात.

सगळं लॉन एकसारखं पिवळं, पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या, तर ती लोहाची कमतरता. आपली काळी माती चुनखडीची आहे. लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. फेरस सल्फेट ५ ग्रॅम प्रति लिटर फवारा, आठवड्यात फरक दिसेल. फरशीवर ते पडू देऊ नका, तांबूस डाग जन्मभर राहतात.

कापल्यानंतर दोन दिवसांनी अख्खं लॉन पांढरट दिसत असेल, तर पानांची टोकं बघा. ती चिंध्या झाल्यासारखी फाटलेली असली, तर मशीनच्या पात्याला धार नाही. हा रोग नाही, पण रोगाला उघडलेलं दार मात्र आहे.

पहाटेची पाहणी

यातलं काहीच नसेल, तर दुसऱ्या दिवशी ऊन यायच्या आत उठा. नऊ वाजता दव उडालं की बुरशीचा अर्धा पुरावा उडतो. पहाटे चट्ट्याच्या कडेला बसून तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, गवतावर कापसासारखं किंवा जाळ्यासारखं पांढरं काही आहे का. कोळ्याचं जाळं पानांच्या वर आडवं ताणलेलं असतं. बुरशीचे धागे पानापानांमध्ये खोल गुंतलेले असतात.

दुसरी, चट्ट्याची कड. रोग मध्यात जुना आणि कडेला ताजा असतो, म्हणून मेलेलं गवत बघत बसू नका. निम्मं हिरवं, निम्मं आजारी पान उपटा आणि उजेडात धरा. पोरांच्या कंपासपेटीतलं भिंग असलं तर उत्तम.

तिसरी, पान कुठून सुटतं. एक पान हलक्या हाताने ओढा. बुडाशी कुजल्यासारखं होऊन अलगद निघून आलं, तर रोग खोडाच्या आवरणात आहे, नुसता पानावर नाही.

तरी शंका राहिली, तर कडेचा मूठभर तुकडा मातीसकट काढा आणि ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून रात्रभर घरात ठेवा. सकाळी पांढरी लव आली, तर बुरशी असण्याची शक्यता बरीच वाढली. मात्र पिशवी दोन-तीन दिवस ठेवलीत, तर मेलेल्या गवतावर कुठलीही बुरशी येईल आणि तुम्ही फसाल. असाच ताजा नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्रवाल्यांना दाखवता येतो. कडेचा तुकडा न्या, मधला मेलेला नको.

कोणता रोग?

*तपकिरी चट्टा.* आपल्याकडे पावसाळ्यात याचीच धास्ती. वीतभरापासून तीन-चार फुटांपर्यंत गोल पसरतो. पहाटे त्याच्या कडेला धुरकट, काळसर कडं दिसतं, ऊन चढलं की ते विरतं. पान बुडाशी कुजतं आणि ओढताच हातात येतं. हे काम रायझोक्टोनिया बुरशीचं. भंडारा-गोंदियाकडच्या धानकऱ्यांना ती चांगली माहीत आहे, धानावर पर्णकोष करपा आणणारी हीच. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर, हवा दमट आणि गवत नुकतंच युरिया खाऊन लुसलुशीत झालेलं, हे तिचं आवडतं जेवण. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या रात्री २४-२५ अंशांच्या असतात, म्हणजे रोजच पंगत. कोरियन गवतावर (लॉनच्या गवताचाच दुसरा प्रकार) ती हवा जरा थंडावल्यावर येते आणि कडेला नारिंगी झाक दिसते.

*पिथियम.* सगळ्यांत घाईचा. गवत तेल सांडल्यासारखं काळपट, चिकट दिसतं आणि आडवं पडतं. चट्टा गोलच असेल असं नाही. पाणी वाहत गेलं त्या वाटेने किंवा मशीन फिरली त्या रेघेने पट्टे पडतात. दिवसा ३० अंशांच्या वर उकाडा, वर पाऊस, खाली साचलेलं पाणी असं जुळलं, तर दोन दिवसांत खाट टाकण्याएवढी जागा साफ होते. मिरची-टोमॅटोची रोपं गादीवाफ्यावर कोलमडतात, ती याच कुळामुळे. हा शास्त्राप्रमाणे खरी बुरशीच नाही. अमरावती-नागपूरकडे संत्र्यावर डिंक्या आणणाऱ्या फायटोफ्थोराचा हा चुलत भाऊ. त्यामुळे नेहमीचं कार्बेन्डाझिम याला लागू पडत नाही, आणि इथेच बहुतेकांचे चार दिवस आणि लॉन दोन्ही जातं.

*डॉलर स्पॉट.* नाव परदेशी, पण आकार आपल्या दहाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. वाळलेल्या गवतासारख्या फिक्या रंगाचे बरेच ठिपके आणि पुढे ते एकमेकांत मिसळतात. पानावर खूण पक्की असते: मधे पांढुरकी कंबर आणि तिच्या दोन्ही बाजूंना तांबूस-तपकिरी रेघ. हा झडीचा रोग नाही. पाऊस परतल्यावर, कोजागिरीच्या आसपास दव पडू लागलं की येतो. वर दव, खाली माती कोरडी आणि गवत उपाशी, तेव्हा तो बळावतो.

*तांबेरा.* गव्हामुळे सर्वांच्या ओळखीचा. पांढरा रुमाल गवतावरून फिरवा, नारिंगी भुकटी लागली की निदान झालं. झाडाच्या सावलीत आणि हळू वाढणाऱ्या गवतावर येतो. याच्यावर औषध मारण्याची गरज सहसा पडत नाही. थोडं नत्र द्या, गवत वाढू द्या आणि कापून पानं बाहेर काढा, तांबेरा कापणीबरोबरच निघून जातो. हा तांबेरा वावरातल्या गव्हावर जात नाही, ती भीती नको.

*पानावरचे ठिपके.* टाचणीच्या डोक्याएवढे जांभळट-तपकिरी डाग. चट्टा दिसतच नाही, नुसतं लॉन विरळ होत जातं, जुन्या धोतरासारखं. सावली, फार खाली केलेली कापणी आणि पोटॅशचा अभाव ही कारणं.

*भूछत्रं आणि हिरवी कडी.* पावसात गर्द हिरव्या गवताचं वर्तुळ उमटतं, त्यावर छत्र्या उगवतात. जमिनीखाली जुना बुंधा, लाकूड किंवा कच्चं शेणखत कुजत असतं, त्यावर ही बुरशी जगते. छत्र्या विळ्याने काढा. कड्याखालची माती मेणचट होऊन पाणी शोषत नाही, तिथे सब्बलीने वीतभर खोल भोकं पाडून तीन-चार दिवस भरपूर पाणी मुरवा. बुंधा सापडला तर काढा. औषधावर पैसे घालवू नका. आणि जंगलातल्या सात्या खाणाऱ्यांना हात जोडून विनंती, लॉनवरची छत्री ओळखीची वाटली तरी चुलीकडे नेऊ नका.

राखेसारखा थर एका रात्रीत पानांवर चढला असेल, तर तो स्लाइम मोल्ड. दिसायला भयंकर, करत काहीच नाही. खराट्याने झटका.

औषधाआधी चार दिवसांचं काम

पिथियम असेल तर हे आणि औषध एकाच दिवशी सुरू करा. बाकी रोगांत आधी हे करा, निम्म्या वेळा पुढे जावंच लागत नाही.

पाण्याची वेळ बदला. मला माहीत आहे, हे सांगायला सोपं आहे. कृषी पंपाची लाइन, म्हणजे वीज, बऱ्याच ठिकाणी आठवड्याआड रात्रीची असते, लाइन आली की तुषार चालू करायचा आणि झोपायचं ही आपली पद्धत. कपाशीला ते चालतं, लॉनला नाही. रात्रीची लाइन असेल तर रात्री टाकी भरून ठेवा आणि पाणी पहाटे पाच ते सातमध्ये द्या. दवाने पान ओलं असतंच, त्यात पाणी दिल्याने ओलीचे तास वाढत नाहीत आणि ऊन आलं की सगळं सुकतं. रोज शिंतोडे मारण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदा वीतभर ओल जाईल असं द्या. झड चालू असताना अर्थातच थेंबही नको.

दव झटका. जाड दोरी घ्या, दोन टोकं दोघांनी धरून लॉनवरून ओढत न्या. एकटे असाल तर लांब बांबू फिरवा. पाच मिनिटांचं काम, पण पानं दोन-तीन तास लवकर सुकतात. आमच्या घरी हे काम पोरांना खेळ म्हणून दिलं आहे. डॉलर स्पॉटला माझ्याकडे याच्यापेक्षा स्वस्त इलाज नाही. पिथियम पसरत असेल तेव्हा मात्र दोरी नको, ती रोगही ओढत नेते.

कापणी गवत सुकल्यावरच. चांगला भाग आधी, रोगट भाग शेवटी, मग पातं धुऊन पुसून ठेवा. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. हरळीसाठी एक ते दीड इंच ठीक. मशीन अगदी खाली टेकवून गालिचा करायच्या नादात मी स्वतः दोन पावसाळे घालवले. एरवी कापलेलं गवत तिथेच राहिलं तर चांगलं, पण रोग असताना गोळा करून खड्ड्यात टाका.

युरिया थांबवा, पण सरसकट नव्हे. तपकिरी चट्टा आणि पिथियममध्ये नत्र म्हणजे आगीत तेल. डॉलर स्पॉट आणि तांबेऱ्यात उलट, गवत उपाशी असतं म्हणून रोग येतो. तिथे हजार चौरस फुटांना अर्धा किलो युरिया वाळूत मिसळून सारखा फेका आणि लगेच पाणी द्या. रोगाचं नाव ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, ते याचसाठी.

निचरा बघा. काळी माती पावसात फुगते आणि पाणी धरून बसते. चट्टा नेहमी त्याच जागी येत असेल, तर तिथे खोलगट आहे असं समजा. तात्पुरता उपाय म्हणून कडेने अर्धा फूट चर काढा आणि पाणी बाहेर काढून द्या. नंतर उघाडीत सब्बलीने चार-चार बोटांवर भोकं पाडा आणि त्यांत रेती आणि कुजलेलं शेणखत खराट्याने भरा. नुसती रेतीची पाटी काळ्या मातीत कालवू नका. थोड्या रेतीने काळी माती मोकळी होत नाही, वाळल्यावर आणखी घट्ट होते.

औषध मारायचंच असेल तर

आधी पंपाचं बोलू, कारण सगळ्यांत मोठं नुकसान मी इथेच करून घेतलं. वावरातून आलेला पंप एकदा विसळला आणि लॉनवर बुरशीनाशक मारलं. आदल्या दिवशी त्याच पंपाने सोयाबीनमधल्या गवतावर तणनाशक मारलं होतं. ते औषध रुंद पानाच्या सोयाबीनला सोडून गवतालाच मारण्यासाठी बनवलेलं, आणि हरळी गवतच. दहा दिवसांनी मधले पोंगे हातात येऊ लागले. तेव्हापासून लॉनसाठी पाच लिटरचा वेगळा हातपंप आहे, त्याच्यावर रंगाने फुली मारली आहे.

जागा मोजा. हजार चौरस फुटांना दहा लिटर पाणी पुरतं. बहुतेक बुरशीनाशकांच्या पाकिटावर पिकांची नावं असतात, लॉनचं नसतं. म्हणून एका कोपऱ्यात चार-पाच फुटांवर मारून तीन दिवस वाट बघा, पिवळं पडलं नाही तर बाकी मारा. मात्रा पिकांवर वापरतात तशाच:

- तपकिरी चट्टा, पानावरचे ठिपके: कार्बेन्डाझिम १२ टक्के अधिक मॅन्कोझेब ६३ टक्के हे मिश्र औषध, २ ग्रॅम प्रति लिटर.
- डॉलर स्पॉट, आणि हटत नसलेला तांबेरा: प्रोपिकोनाझोल २५ टक्के, १ मिली प्रति लिटर. कडक उन्हाळ्यात नको, गवताची वाढ खुंटते.
- पिथियम: मेटॅलॅक्सिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के, २.५ ग्रॅम प्रति लिटर. इथे पाणी दुप्पट घ्या, औषध बुडापर्यंत पोचलं पाहिजे.

पानं सुकलेली असावीत आणि पुढचे पाच-सहा तास पावसाची चिन्हं नसावीत. झडीत उघडीप शोधणं हीच खरी कसरत. चट्ट्याच्या बाहेर हात-दीड हातापर्यंत मारा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. दोन दिवस कापू नका. चौदा दिवसांनी कड पुढे सरकलेली दिसली तरच दुसरी फवारणी, आणि ती वेगळ्या गटाच्या औषधाची. एकच औषध वर्षभर मारलं की बुरशी त्याला सरावते, कार्बेन्डाझिमच्या बाबतीत तर फार लवकर. चट्टा कुठवर आला ते कळायला पहिल्या दिवशी कडेला काड्या रोवून ठेवा. मेलेलं पान औषधाने हिरवं होत नाही. काडीच्या पलीकडे रोग गेला नाही, तर औषध लागू पडलं.

संत्र्याच्या बागेतून उरलेलं बोर्डो मिश्रण लॉनवर ओतू नका. मोरचुदाने कोवळं गवत करपतं आणि तांबं मातीत साचत राहतं.

आता एक गोष्ट, जी विदर्भात कोणाला समजावावी लागू नये, तरी लागते. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. लॉनवरची बुरशीनाशकं त्या कीटकनाशकांइतकी जहाल नाहीत, पण लॉनवर आपण अनवाणी चालतो, बाळं लोळतात. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वाऱ्याकडे पाठ. फवारल्यावर दोन दिवस पोरं, कुत्रं, कोंबड्या कोणी त्यावर जाऊ नये. कापलेलं गवत पुढचा महिनाभर गाई-शेळ्यांना घालू नका.

आणि दूर्वा, म्हणजे हीच हरळी! गणपती नेमके रोगाच्या हंगामात येतात. गल्लीतल्या बाया सकाळी एकवीस दूर्वांच्या जुडीसाठी तुमच्याच लॉनवर येणार, त्या दूर्वा तीर्थात पडणार. फवारलं असेल तर फाटकावर पाटी लावा किंवा सरळ सांगा. लाजू नका.

पाऊस गेल्यावर आणि यायच्या आधी

ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी. ते झडीतलं औषध नाही, आधीची तयारी आहे. एक किलो ट्रायकोडर्मा चाळीस-पन्नास किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओल्या बारदान्याखाली आठ-दहा दिवस ठेवा आणि मृगाच्या सुमारास लॉनवर पातळ पसरून झाडून घ्या. रासायनिक बुरशीनाशकाच्या मागेपुढे पंधरा दिवस ते टाकू नका, नाहीतर आपणच आपली मित्रबुरशी मारू.

त्याच वेळी बोटांनी गवत बाजूला करून मातीवरचा काडीकचऱ्याचा थर बघा. अर्ध्या इंचापेक्षा जाड असला, तर दाताळ्याने ओढून काढा. लॉन आठ-दहा दिवस ओंगळ दिसेल, पहिल्या पावसाने भरून येईल. हा थर स्पंजसारखा ओल धरतो आणि बुरशी त्यातच दिवस काढते. पावसाळा संपता संपता, नवरात्राच्या सुमारास, हजार चौरस फुटांना पाव किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्या.

मेलेल्या चट्ट्यांत मात्र घाईने हरळी लावू नका. रोगट काडी-मुळं चार बोटं मातीसकट काढून टाका, जागा आठवडाभर उन्हात तापू द्या, मग नवी माती भरा. चांगल्या भागातून वाटीएवढे गड्डे मुळांसकट काढून वीतभर अंतरावर दाबून बसवा. पाऊस असेल तर महिना-दीड महिन्यात जागा भरते. दिवाळीनंतर लावलंत तर थंडीत ते जागचं हलणार नाही, त्यापेक्षा फेब्रुवारीचं ऊन तापेपर्यंत जागा तशीच ठेवा.